वारा सांगतो तिकडे पाणी जात नाही

नकाशावर धुळ्याला बोट ठेवायचं आणि सरळ पश्चिमेला सरकवत न्यायचं. साक्रीचं पठार आणि तिथल्या पवनचक्क्या, मग डांगचे डोंगर, नवसारी, आणि दोनशे किलोमीटरच्या आसपास समुद्र. बोट न उचलता तसंच पुढे नेलं की सौराष्ट्राच्या खालच्या कडेला वेरावळ लागतं, आणि तिथून ओमानपर्यंत नुसतं पाणी. धुळं आणि वेरावळ जवळपास एकाच अक्षांशावर आहेत, एकवीसच्या किंचित खाली. तरीही ‘आपला काय संबंध समुद्राशी’ हे वाक्य खान्देशात इतकं सहज बोललं जातं की त्यावर कुणी वाद घालत नाही.

संबंध जुना आहे. बुऱ्हाणपूर खान्देश सुभ्याची राजधानी होतं तेव्हा तिथलं कापड तापीच्या खोऱ्यातून सुरतेला जायचं आणि सुरतेहून जहाजात चढून तांबड्या समुद्राच्या तोंडाशी असलेल्या मोखा बंदरापर्यंत. ती जहाजं व्यापाऱ्याच्या मर्जीने निघत नसत. हिवाळ्याच्या अखेरीस, ईशान्येचा वारा पाठीशी असताना ती सुरत सोडायची, आणि नैऋत्येच्या वाऱ्याचा जोर ओसरत आला की परतायची. भर पावसाळ्यात सुरतेच्या बंदरात जहाज आणायची हिंमत फारसं कुणी करत नसे. बुऱ्हाणपूरच्या व्यापाऱ्याचे पैसे कधी मोकळे होणार, हे अरबी समुद्रावरचा वारा ठरवत होता. आणि आमच्या कापसाला पाणी कधी मिळणार, हे तर आजही तोच ठरवतो.

माझं समुद्राबद्दलचं पहिलं ज्ञान शाळेच्या भूगोलातलं. जगाच्या नकाशावर महासागरांत लाल आणि निळे बाण, उष्ण प्रवाह आणि थंड प्रवाह. ‘सागरप्रवाह का निर्माण होतात?’ या प्रश्नाचं पहिलं कारण ठरलेलं असायचं: वारे. तेवढं लिहिलं की गुण मिळायचे. त्या उत्तरात खोटं काही नाही, पण ते इतकं गुळगुळीत आहे की हात घालायला कुठे जागाच सापडत नाही. हवा ही अशी विरळ गोष्ट. पाणी तिच्याहून आठशे पटींनी जड. हवेने पाण्याला धरायचं तरी कुठे? आणि धरलं, तर पाणी वारा जातो त्याच दिशेने जातं का? तसं असतं तर वाऱ्याचा नकाशा आणि प्रवाहांचा नकाशा एकच निघाला असता. तो निघत नाही. मला या सगळ्या विषयात सगळ्यात जास्त रस आहे तो याच न जुळण्यात.

आमच्याकडे वाऱ्याशी लोकांचं वागणं फार बारकाईचं असतं. तापीचं खोरं पश्चिमेला उघडं आहे, उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला डोंगरांच्या रांगा. एप्रिल संपता संपता दुपारनंतर पश्चिमेचा वारा या दारातून आत शिरतो आणि पार भुसावळपर्यंत धूळ उडवत जातो. रावेर-यावलचा केळीवाला बागेच्या कडेने दाट शेवरी लावतो ती हौस म्हणून नाही. मे-जूनच्या एका वावधनात उभी बाग आडवी होते आणि वर्षाचा हिशोब अर्ध्या तासात संपतो. ओट्यावर बसलेली म्हातारी माणसं जूनमध्ये आभाळाकडे कमी आणि झाडाच्या शेंड्याकडे जास्त बघतात. ‘वारा कुठला?’ हा आमच्याकडचा पावसाळी प्रश्न आहे. आभाळ कितीही भरलेलं असो, वारा चुकीचा असेल तर पाऊस येत नाही, हे त्यांना कुणी शिकवलेलं नाही.

आता हाच वारा पाण्यावर आणून सोडू.

पाणी पूर्ण सपाट, आरशासारखं असतं तेव्हा वाऱ्याला खरंच धरायला काही नसतं. तो नुसता घासत जातो आणि त्या घासण्यातून पाण्याला फारसं काही मिळत नाही. पण वारा कधी सारखा वाहत नाही. त्यात झोत असतात, खळगे असतात, दाब कमी-जास्त होत राहतो. त्या हेलकाव्यांनी पाण्यावर बोटभर अंतराच्या बारीक सुरकुत्या उठतात. एकदा सुरकुती उठली की पृष्ठभाग खडबडीत झाला, आणि खडबडीत झाला की वाऱ्याला पकड मिळाली. आता वारा लाटेच्या पाठीवर जास्त दाबतो, पुढच्या उतारावर कमी. या फरकातून लाट वाढते. वाढलेली लाट वाऱ्याला आणखी मोठी पाठ देते. वारा लाटा कशा वाढवतो याचे दोन वेगवेगळे, पण एकमेकांना पूरक सिद्धांत १९५७ साली मांडले गेले, एक ओवेन फिलिप्स यांचा आणि एक जॉन माइल्स यांचा, आणि आजही लाटांचा अंदाज वर्तवणारी गणितं त्या पायावर उभी आहेत.

यातली मला महत्त्वाची वाटणारी गोष्ट अशी, की उघड्या समुद्रात वाऱ्याच्या जोरातला मोठा वाटा आधी लाटांकडे जातो आणि मग लाटांकडून प्रवाहाकडे. लाट काही तो सगळा जोर साठवून ठेवत नाही. ती फुटते, पांढरा फेस काढते, आणि फुटताना अंगातला जोर खालच्या पाण्याला देऊन टाकते. आपण किनाऱ्यावर उभं राहून पाहतो ते फुटणं वेगळं, ते तळ लागल्यामुळे असतं. भर समुद्रात, जिथे तळ चार किलोमीटर खाली आहे तिथेही, वारा ताशी पंधरा-वीस किलोमीटरचा झाला की लाटांच्या माथ्यावर पांढरे तुरे दिसू लागतात. प्रत्येक तुरा म्हणजे वाऱ्याने लाटेला दिलेलं काहीतरी लाटेने प्रवाहाला दिलं. आणि वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर पाण्यावरचा ओढा दुप्पट नाही, चौपट होतो, किंबहुना थोडा जास्तच, कारण पाणीही तोवर अधिक खडबडीत झालेलं असतं. म्हणून वर्षभराच्या मंद झुळकांपेक्षा चार दिवसांचं वादळ समुद्राला जास्त हलवतं.

लाटेबद्दल एक गोष्ट सगळ्यांनी ऐकलेली असते: लाट पुढे जाते, पाणी पुढे जात नाही. हे समजायला आमच्याकडे दादर ज्वारीचं शेत पुरे. तापीकाठच्या काळ्या जमिनीत डिसेंबर-जानेवारीत दादर ज्वारी माणसाच्या डोक्याच्या वर गेलेली असते आणि वारा आला की शेताच्या या बांधापासून त्या बांधापर्यंत लाट पळत जाते. कणसं वाकतात, पुन्हा उभी राहतात, एकही ताट जागा सोडत नाही. समुद्रातही पाण्याचा कण लाटेबरोबर असाच पुढे-वर-मागे-खाली फिरून गोल पूर्ण करतो. शिकवताना इथवर येऊन थांबतात. पण दादरच्या ताटाला मूळ आहे, पाण्याच्या कणाला नाही. जॉर्ज स्टोक्स या गणितज्ञाने १८४७ मध्ये दाखवलं की तो गोल पूर्ण बंद होतच नाही. कण गोलाच्या वरच्या भागात पुढे जातो तेव्हा त्याला थोडा जास्त वेग मिळतो, खालच्या भागात मागे येतो तेव्हा थोडा कमी, कारण लाटेचा हलवण्याचा जोर खोलीबरोबर घटत जातो. शिवाय पुढे जाताना तो लाटेसोबत थोडा जास्त वेळ काढतो. त्यामुळे प्रत्येक फेरीत तो किंचित पुढे सरकलेला असतो.

हे ‘किंचित’ किती, ते मी एकदा कागदावर मांडून पाहिलं. दोन मीटर उंचीची, दर आठ सेकंदांनी येणारी लाट घ्या. दोन माथ्यांमधलं अंतर शंभर मीटर भरतं आणि लाट ताशी पंचेचाळीस किलोमीटरने पळते, म्हणजे आमच्या घाटातल्या एसटीपेक्षा जास्तच. पृष्ठभागावरचं पाणी त्या एका लाटेत दोन मीटरच्या गोलात फिरतं आणि सुमारे चाळीस सेंटिमीटर पुढे सरकतं. सेकंदाला पाच सेंटिमीटर. ऐकायला काहीच नाही. पण दिवसभरात तेच सव्वाचार किलोमीटर होतात, आणि लाटांना रात्र नसते. खाली जावं तसं हे फार झपाट्याने कमी होतं. लाटांच्या अंतराच्या निम्म्या खोलीवर, इथे पन्नास मीटरवर, पाण्याला वर लाट आहे याची जवळजवळ खबरच नसते. लाटेने होणारं सरकणं तर त्याच्याही बरंच आधी संपलेलं असतं. म्हणजे लाटांचं हे वाहणं हा वरच्या काही मीटरांचा मामला आहे. तेल, प्लास्टिक, शेवाळ, पडलेला माणूस, सगळं त्याच थरात असतं.

तापीकाठच्या प्रकाशा या गावच्या घाटावर उभं राहिलं की यातलं काही डोळ्यांना दिसतं. इथे तापी बऱ्यापैकी रुंद आहे, बॅरेजमुळे आणखीच. नदी पश्चिमेला, समुद्राकडे चाललेली. वारा पश्चिमेकडून येणारा. पावसाळ्याच्या सुरुवातीला बॅरेजची दारं उघडलेली असताना नदी एकीकडे वाहते आणि तिच्या अंगावरच्या लाटा उलट दिशेला चढत असतात. प्रवाहाच्या अंगावर चालून येणारी लाट आखूड आणि ताठ होते, म्हणून त्या दिवशी नाव जास्त आदळते. तिथल्या एका भोई आप्पांना मी विचारलं होतं, असा वारा असला की पाणी वर सरकतं का हो. ते जाळं निवडत होते. मान वर न करता म्हणाले, “वारा वरला पानीले लोटस. खालना पानीले ठाऊकबी नही.”

याच घाटासमोर, दारं बंद असताना आणि वारा जोरात असताना, पाण्यावर फेसाच्या आणि पाचोळ्याच्या लांब पट्ट्या दिसतात. एकमेकींना समांतर, वाऱ्याच्या दिशेने आखलेल्या. मी बरीच वर्षं त्या पाहिल्या आणि कधी विचार केला नाही की कचरा पसरायच्या ऐवजी रांगेत का उभा राहतो. १९२७ मध्ये अटलांटिक ओलांडणाऱ्या जहाजाच्या कठड्यावरून अर्विंग लँगमूर यांना सरगॅसम शेवाळाच्या अशाच रांगा दिसल्या. हे गृहस्थ रसायनशास्त्रज्ञ, पुढे १९३२ मध्ये त्यांना रसायनशास्त्राचंच नोबेल मिळालं. समुद्र हा त्यांचा विषयच नव्हता. पण त्यांनी परत जाऊन न्यूयॉर्क राज्यातल्या लेक जॉर्ज या तळ्यावर प्रयोग केले आणि १९३८ मध्ये खुलासा छापला: वाऱ्याखालचं पाणी नुसतं पुढे जात नाही, ते वाऱ्याच्या दिशेने पसरलेल्या लांबच लांब गुंडाळ्यांमध्ये फिरत पुढे जातं. शेजारच्या दोन गुंडाळ्या उलट्या दिशेने फिरतात. जिथे दोघींचं पाणी एकत्र येऊन खाली बुडतं, तिथे तरंगणारं सगळं वरच अडकून रांग लागते. या गुंडाळ्या बनतात कशा, याचं पटणारं गणित यायला मात्र १९७६ उजाडलं. क्रेक आणि लीबोविच या दोघांनी दाखवलं की नुसता वारा पुरत नाही, नुसती लाटही पुरत नाही. वाऱ्याने हललेला प्रवाह आणि स्टोक्सचं ते लाटेतलं सरकणं, दोन्ही एकमेकांत गुंतले की पाणी गुंडाळू लागतं.

प्रकाशाच्या पाचोळ्याला हे लागू होतं आणि अरबी समुद्रालाही. याच फिरण्यामुळे वरचं गरम पाणी खाली आणि खालचं थंड वर येत राहतं. समुद्राचा वरचा थर किती खोलवर मिसळतो हे मोजताना आता लाटा धरल्याशिवाय चालत नाही.

नदीत आणि तळ्यात एक गोष्ट मात्र दिसत नाही, त्यासाठी मोठं पाणी लागतं. १८९३ ते १८९६ या काळात नॉर्वेचे संशोधक फ्रिट्यॉफ नान्सेन यांनी ‘फ्राम’ नावाचं जहाज मुद्दाम उत्तर ध्रुवाकडच्या बर्फात अडकवून घेतलं आणि बर्फ नेईल तिकडे जाऊ दिलं. या खटाटोपात त्यांच्या लक्षात आलं की बर्फ वाऱ्याच्या दिशेने सरकत नाही. तो वाऱ्याच्या उजवीकडे, वीस ते चाळीस अंश कलून सरकतो, आणि हे सातत्याने होतं. नान्सेननी कारण बरोबर ओळखलं, पृथ्वीचं फिरणं. गणित करायला मात्र हवामानशास्त्रज्ञ विल्हेल्म ब्यर्कनेस यांच्यामार्फत वाग्न वाल्फ्रीड एकमन या तरुणाला दिलं. त्याचा १९०५ चा लेख आजही शिकवला जातो.

एकमनने असं मांडलं: वारा सगळ्यात वरच्या थराला ओढतो. पृथ्वी फिरत असल्यामुळे तो थर उत्तर गोलार्धात उजवीकडे कलतो. तो खालच्या थराला ओढतो, तो आणखी उजवीकडे कलतो, आणि थोडा मंदही होतो. असं करत करत काही दशक मीटर खाली पाणी चक्क उलट्या दिशेला, अगदी सावकाश जात असतं. सगळ्या थरांची बेरीज केली तर एकूण पाणी वाऱ्याच्या बरोबर काटकोनात उजवीकडे गेलेलं निघतं. वारा उत्तरेला वाहतोय आणि समुद्र पूर्वेला सरकतोय. गणितात अगदी वरच्या थराचा कोन पंचेचाळीस अंश येतो, पण प्रत्यक्ष मोजमापांत तो बहुधा त्यापेक्षा कमी भरतो. त्यामागे लाटाही आहेत: त्या वरचं पाणी ढवळतात, आणि त्यांचं स्वतःचं सरकणं लाटांच्याच दिशेने असतं. पृथ्वीचं फिरणं लाटांच्या या सरकण्यालाही सोडत नाही, हे क्लाउस हासलमान यांनी १९७० मध्ये मांडलं. त्यांना २०२१ चं भौतिकशास्त्राचं नोबेल हवामानावरच्या कामासाठी मिळालं, पण त्यांची सुरुवात समुद्राच्या लाटांपासून झालेली आहे.

ढोबळ हिशोब असा सांगतात, की पृष्ठभागाचा प्रवाह वाऱ्याच्या वेगाच्या दोन ते तीन टक्के. ताशी छत्तीस किलोमीटरचा वारा असेल तर पाणी ताशी एक किलोमीटर, तेही थोडं उजवीकडे. हा आकडा मला आवडतो, कारण त्यात वारा, लाट आणि पृथ्वी तिघांचा वाटा आहे आणि तरी तो लक्षात राहतो.

आता पुन्हा आमच्याच अक्षांशावर येऊ. समजा वेरावळच्या पश्चिमेला खोल समुद्रात दोन दिवस जोराचा वारा होता आणि तो एकाएकी थांबला. पाणी थांबत नाही. त्याच्या अंगात वेग आहे आणि पृथ्वी त्याला सतत उजवीकडे वळवते आहे, त्यामुळे ते गोल फिरू लागतं, घड्याळाच्या काट्यांप्रमाणे. एका फेरीला लागणारा वेळ फक्त अक्षांशावर अवलंबून असतो. ध्रुवावर बारा तास, आणि विषुववृत्ताकडे यावं तसा तो वाढत जातो. धुळ्या-वेरावळच्या अक्षांशावर तो साडेतेहतीस तास येतो. पाण्याचा वेग सेकंदाला तीस सेंटिमीटर असेल तर पाच-सहा किलोमीटर त्रिज्येचं वर्तुळ. वारा नसलेल्या समुद्रात, स्वच्छ ऊन पडलेलं असताना, पाणी काल-परवाच्या वाऱ्यासाठी फिरत असतं.

माझा भाचा मर्चंट नेव्हीत आहे. अमळनेरचा मुलगा, पोहायला बोरी नदीत शिकला तेवढंच. त्याला मी हे सगळं उत्साहाने सांगायला गेलो तर म्हणाला, “मामा, हे आम्हाला पहिल्याच वर्षी घोटून घेतात. वाऱ्याने जहाज किती ढकललं तो लीवे. पाण्याने किती आणि कुठे नेलं तो सेट आणि ड्रिफ्ट. दोन्ही एकत्र धरलं की कॅप्टन ओरडतो.” मग त्याने सोमालियापुढच्या सोकोत्रा बेटाजवळच्या जुलैतल्या समुद्राचं वर्णन केलं, ते मी बहिणीला सांगितलं नाही.

जुलैत तिथे जे चालतं ते जगात दुसरीकडे या प्रमाणात चालत नाही. विषुववृत्त ओलांडून आलेला वारा आफ्रिकेच्या डोंगरांना खेटून वळतो आणि जमिनीपासून एक-दीड किलोमीटर उंचीवर झोतासारखा अरबी समुद्रावर सुटतो. १९६० च्या दशकाच्या शेवटी फिंडलेटर या ब्रिटिश हवामानशास्त्रज्ञाने या झोताचा सविस्तर अभ्यास छापला, म्हणून तो त्यांच्या नावाने ओळखला जातो. हाच आमचा नैऋत्य मोसमी वारा. याच्या खाली सोमालियाच्या किनाऱ्याने पाणी ईशान्येकडे धावतं, सेकंदाला दोन मीटरपेक्षाही जास्त वेगाने. हिवाळ्यात वारा उलटतो आणि प्रवाहही उलटतो. अटलांटिकचा गल्फ स्ट्रीम किंवा जपानजवळचा कुरोशिओ वर्षभर एकाच दिशेने वाहतात. सोमाली प्रवाह वर्षातून दोनदा तोंड फिरवतो. शाळेच्या नकाशावर त्याला एकच बाण मिळतो, हे मला आता जरा अन्यायाचं वाटतं.

आणि तो बाणही साध्यासरळ आज्ञापालनाचा नाही. सोमालियापुढे शेकडो किलोमीटर रुंदीचा एक भोवरा तयार होतो, त्याला ‘ग्रेट व्हर्ल’ म्हणतात. मान्सूनचा वारा नीट सुरू व्हायच्या आधीच त्याची चाहूल लागलेली असते आणि वारा ओसरल्यावरही काही आठवडे तो फिरत राहतो. आपल्या पश्चिम किनाऱ्याचं तर आणखी विचित्र आहे. पावसाळ्यात इथला किनारी प्रवाह दक्षिणेकडे जातो आणि हिवाळ्यात उत्तरेकडे. हिवाळ्यात वारा मात्र बहुतांशी उत्तरेकडूनच येत असतो, म्हणजे प्रवाह वाऱ्याच्या तोंडावर चाललेला असतो. गोव्यात दोना पावला इथे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. तिथल्या आणि बाहेरच्या अभ्यासकांनी या प्रवाहाचं कोडं बरंचसं सोडवलं. त्याचं एक कारण बंगालच्या उपसागरात सापडलं. तिकडच्या वाऱ्यांनी पाण्याच्या पातळीत केलेला बदल किनाऱ्याला चिकटून श्रीलंकेला वळसा घालतो आणि केरळ-कोकणाच्या बाजूने वर येतो. ती डोळ्यांना दिसणारी लाट नव्हे. पातळीचा फरक काही सेंटिमीटरांचा आणि लांबी शेकडो किलोमीटरांची. पूर्व किनाऱ्यावरचा वारा पश्चिम किनाऱ्यावरचं पाणी हलवतो, तेही कित्येक आठवड्यांनी.

वर दिसणाऱ्या लाटांचंही तसंच. केरळच्या किनाऱ्यावर कधी कधी स्वच्छ, निवांत दिवशी समुद्र एकाएकी घरांत शिरतो. तिथले मच्छीमार त्याला कल्लक्कडल म्हणतात, आणि आता हैदराबादची इन्कॉइस ही समुद्राची माहिती देणारी सरकारी संस्था त्याचे इशारे देते. त्या लाटा हिंदी महासागराच्या पार दक्षिणेला, हजारो किलोमीटरवरच्या वादळात काही दिवसांपूर्वी तयार झालेल्या असतात. इथे पान हलत नसतं.

एकमनचं काटकोनातलं पाणी सोमालिया आणि ओमानला लावलं की आमच्या पावसाचा एक धागा हाती लागतो. वारा किनाऱ्याला समांतर ईशान्येकडे, किनारा डावीकडे. पाणी उजवीकडे, म्हणजे किनाऱ्यापासून दूर. रिकामी झालेली जागा भरायला खालचं थंड पाणी वर येतं. भर उन्हाळ्यात तिथलं पाणी वीस अंशांच्या आसपास उतरतं. ओमानमधल्या सलालाहला जुलै-ऑगस्टमध्ये धुकं आणि रिमझिम असते, वाळवंटातले लोक तिथे थंडाव्यासाठी जातात. त्या थंड पाण्याबरोबर खालचं खतही वर येतं आणि मासळी वाढते. पण थंड पाण्यावरून जाणाऱ्या वाऱ्याला वाफ कमी मिळते. जून ते ऑगस्टमध्ये अरबी समुद्राचा बराच भाग तापायच्या ऐवजी थंड होतो, आणि तिकडे थंड पाणी कमी वर आलं तर भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर पाऊस वाढण्याकडे कल असतो, असं संशोधकांनी दाखवलं आहे. वारा स्वतःच आणणार असलेल्या पावसातला थोडा भाग समुद्र ढवळून स्वतःच कापून ठेवतो. सह्याद्रीने पिळून उरलेलं आमच्या वाट्याला येतं, त्यामुळे तिकडची काटछाट आम्हाला परवडणारी नाही. ओट्यावरच्या म्हाताऱ्यांचा ‘वारा कुठला’ हा प्रश्न बरोबरच आहे. फक्त त्यात ‘आणि तो कुठल्या पाण्यावरून आला’ एवढं जोडायला हवं.

हे सगळं किती व्यवहाराचं आहे ते मे २०२५ मध्ये दिसलं. ‘एमएससी एल्सा ३’ हे मालवाहू जहाज केरळपुढे कलंडलं आणि दुसऱ्या दिवशी बुडालं. त्यावर सहाशेहून अधिक कंटेनर होते. त्यातले काही एक-दोन दिवसांत कोल्लम-आलप्पुळाच्या किनाऱ्याला लागले. प्लास्टिकचे बारीक पांढरे दाणे तिरुवनंतपुरमच्या वाळूत सापडले आणि पुढे तामिळनाडूतही. मान्सून नुकताच पोहोचला होता, किनारी प्रवाह दक्षिणेकडे वळलेला, वारा आणि लाटा किनाऱ्याकडे. अर्धा बाहेर तरंगणारा कंटेनर वाऱ्याला पाठ देतो, त्याच्यावर वाऱ्याचा हक्क जास्त. पृष्ठभागाशी तरंगणारा दाणा लाटांच्या आणि वरच्या थराच्या हवाली. जे पाण्यात खाली लोंबकळतं, ते एकमनच्या हिशोबाने तिसरीकडेच जातं. समुद्र मोजणारेही हे जाणून असतात. प्रवाह मोजायला सोडलेल्या तरंगत्या उपकरणांना खाली पंधरा मीटरवर कापडाचा मोठा पोकळ नळकांडा बांधतात, म्हणजे ते वाऱ्याच्या नादाला लागत नाहीत. तो नळकांडा तुटला की त्या उपकरणाचे आकडे वेगळे काढून ठेवतात.

इन्कॉइसने समुद्रात हरवलेल्यांच्या शोधासाठी ‘सरत’ नावाची एक प्रणाली केली आहे. शेवटचं ठिकाण आणि वेळ द्यावी लागते, आणि शिवाय हरवलं काय ते सांगावं लागतं. जीवरक्षक जाकीट घातलेला माणूस, न घातलेला माणूस, तराफा, मासेमारीची नाव, असे साठाहून अधिक प्रकार तिच्यात आहेत. वारा तोच, लाटा त्याच, प्रवाह तोच, तरी काही तासांनी शोधायचं क्षेत्र प्रत्येकासाठी वेगळं निघतं. भाच्याने मला सांगितलं की जहाजावर कुणी पडल्याची आरोळी झाली की एक जण फक्त त्या माणसाकडे बोट रोखून उभा राहतो, दुसरं काही करायचं नाही, नजर हलवायची नाही. “नजर गेली ना मामा,” तो म्हणाला, “की मग गणित करावं लागतं.”